एचआर मॅडम लगेच रिप्लाय देतात

खऱ्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला की काय होतं, हे ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको. काहीच होत नाही. आधी पोर्टलवर बायोडेटा अपलोड करायचा, मग त्यातलाच मजकूर चौकटीचौकटींत पुन्हा टाइप करायचा, दहावीचे टक्के दशांश चिन्हासकट भरायचे, ‘नोटीस पिरियड किती?’ या प्रश्नापुढे दीड वर्ष घरी बसलेल्या माणसानेही काहीतरी आकडा घालायचा. शेवटी ‘आपला अर्ज मिळाला’ असा एक ईमेल येतो, आणि त्याच्या पत्त्यातच ‘नो रिप्लाय’ असं लिहिलेलं असतं. कंपनीने केलेला हा शेवटचा प्रामाणिक खुलासा. पुढे गणपती येतात, जातात. दिवाळी येते, जाते. रिप्लाय येत नाही तो नाहीच.

खोट्या कंपनीचं तसं नसतं. तिथे मुळात अर्जच करावा लागत नाही. सकाळी चहा घेताना व्हॉट्सॲप वाजतं. ‘गुड मॉर्निंग सर, मी रिया, एचआर डिपार्टमेंट. तुमचं प्रोफाइल आमच्या टीमला खूप आवडलं आहे. दोन मिनिटं बोलू शकतो का?’ डीपीत ब्लेझर घातलेली हसरी मुलगी. नंबर सुरू होतो +84 किंवा +62 पासून. म्हणजे रिया व्हिएतनाम नाहीतर इंडोनेशियात बसून नाशिकच्या सिडकोतल्या पोराच्या करिअरची काळजी वाहते आहे. तुम्ही ‘हो’ लिहायच्या आत तिकडे ‘टायपिंग’ दिसू लागतं. रविवार असो, अमावस्या असो, रात्रीचे साडेअकरा असोत, मॅडम जाग्या असतात. ‘सर, जेवण झालं का?’ हा प्रश्न आजवर कुठल्या खऱ्या कंपनीच्या एचआरने कुणाला विचारला आहे?

म्हणून माझं आपलं मत असं, की खोटी नोकरी ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तिची वागणूक. ती फार चांगली वागते. पोलीस, बँका आणि सरकारी जाहिराती स्पेलिंग तपासा, वेबसाइट तपासा असं सांगतात ते बरोबरच आहे. पण स्पेलिंगच्या चुका खऱ्या कंपन्याही करतात. आपुलकी मात्र त्या चुकूनही करत नाहीत.

मुलाखतसुद्धा बघण्यासारखी असते. कॅमेरा नाही, आवाज नाही, सगळं चॅटवर.

‘सर, एज्युकेशन?’

‘बी. कॉम.’

‘व्हेरी गुड सर. एक्स्पिरियन्स?’

‘नाही.’

‘नो प्रॉब्लेम सर. लॅपटॉप आहे?’

‘मोबाइल आहे.’

‘परफेक्ट सर. यू आर सिलेक्टेड.’

बी. कॉम. झालेल्या, अनुभव नसलेल्या आणि लॅपटॉप नसलेल्या मुलाला ‘परफेक्ट’ असं याआधी कुणी म्हटलेलं नसतं. घरी तर नाहीच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून ‘लोभ हो, लोभ! दुसरं काय?’ म्हणणाऱ्या काकांशी माझं इथेच वाजतं. महिना वीस-पंचवीस हजार मागणं हा कसला लोभ? लोभी माणसं जमिनीत पैसे घालतात. हा मुलगा फसतो, कारण वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला निवडलेलं असतं.

यातली सर्वांत देखणी जात म्हणजे विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफची नोकरी. तिचं ऑफर लेटर मी नीट निरखून पाहिलं आहे. वर डावीकडे विमान कंपनीचा लोगो, उजवीकडे अशोकस्तंभ. खासगी कंपनीच्या पत्रावर अशोकस्तंभाचं काय काम, असं कुणी विचारत नाही. तो दिसला की आपण मनातल्या मनात सावधान उभे राहतो. खाली तीन अधिकाऱ्यांच्या तीन सह्या, तिन्ही एकाच वळणाच्या. दोन गोल शिक्के, एक चौकोनी. कार्यालयाचा पत्ता, ‘एअरपोर्ट, मुंबई’. ईमेल जीमेलवरचा. पगार 28,500, शिवाय जेवण, शिवाय कॅब. आणि सगळ्यांत शेवटी, ‘कृपया शर्टाचं माप, कमरेचं माप व बुटाचा नंबर कळवावा.’

हा बुटाचा नंबर ज्याला सुचला, त्याला मी मनापासून मानतो. फसवणारा माणूस बुटाचा नंबर कशाला विचारेल? आई शेजारी जाऊन सांगून येते, ‘बूटसुद्धा तेच देणार आहेत!’ आणि एकदा बुटाचा नंबर दिला, की आधार, पॅन आणि बँक खात्याचा नंबर मागून आपापल्या पायांनी चालत जातात.

मग पायऱ्या सुरू होतात. नोंदणीचे 1,550. युनिफॉर्मचे त्याहून थोडे जास्त. मेडिकलचे आणखी थोडे जास्त. गेटपास, ट्रेनिंग, सॅलरी अकाउंट. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा जराशीच मोठी, आणि प्रत्येकीपुढे ‘रिफंडेबल’ लिहिलेलं. पाचवी पायरी चढताना माणूस पुढे बघत नाही, मागे भरलेल्या चार पायऱ्यांकडे बघतो. आता सोडलं तर तेही बुडणार! विमान कंपन्यांनी भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असं वेळोवेळी जाहीर केलेलं आहे. पण ती सूचना असते त्यांच्या वेबसाइटवर, आणि मॅडम असतात आपल्या खिशात.

इथे एक साधा प्रश्न विचारून बघावा. ‘मॅडम, हे सगळे पैसे माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्या ना.’ पगार देणार त्याला कापायला काय अडचण? उत्तर ठरलेलं आहे, ‘सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही.’ ज्या सिस्टिममध्ये तुमच्या बुटाचा नंबर बसतो, तिच्यात वजाबाकी बसत नाही.

पण मग नोकरीसाठी आधी पैसे भरावे लागतात, ही समजूत आपल्या डोक्यात आली कुठून? या प्रश्नाला थोडा जपूनच हात घालतो. 2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांच्या वर आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला परीक्षा फी 1,000 रुपये, राखीव गटाला 900. गुणाकार ज्याचा त्याने करावा. त्याच्या आधी 2019 च्या जिल्हा परिषद भरतीत पोरांनी फी भरली, परीक्षेची वाट पाहिली, भरतीच रद्द झाली आणि फी परत द्यायला सुरुवात व्हायला 2023 उजाडलं. आता मला सांगा, पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी, मेसची फी, टेस्ट सिरीजची फी आणि परीक्षेची फी भरत बसलेल्या मुलाने 1,550 रुपये ऐकून दचकायचं तरी कशाला? त्याला तर स्वस्त वाटणार. फरक आहे, आणि तो पक्का आहे. सरकारी फी सरकारी संकेतस्थळावर भरली जाते, तिची पावती निघते आणि ती परीक्षेची असते, नेमणुकीची नसते. कुणा ‘राकेश सर’च्या खासगी यूपीआयवर ती जात नाही. तरी पण पैसे भरून वाट बघत बसायची सवय मुलाला लावली कुणी, हा प्रश्न उरतोच.

बायकांसाठी वेगळं खातं आहे. तिथे पेन्सिली आहेत.

फेसबुकवर ही जाहिरात बघितली नाही असं घर विरळा. नटराज पेन्सिलींचा ढीग, शेजारी डबे आणि वर मजकूर. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, पगार 30,000 रुपये महिना, 15,000 ॲडव्हान्स, माल घरपोच, संपर्क फक्त व्हॉट्सॲपवर. नटराज आणि अप्सरा बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्सने असं कुठलंही काम आम्ही देत नाही, असं जाहीर केलं; जाहिरात हलली नाही.

जरा हिशोब करू. दहा पेन्सिलींचा डबा दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळतो. त्यात लाकूड आलं, शिसं आलं, रंग आला, कारखाना आला, दुकानदार आला. एवढ्यांचं भागवून कंपनीने उदार मनाने डब्यामागे एक रुपया आमच्या वहिनींना दिला असं धरू. तीस हजार पगारासाठी तीस हजार डबे, म्हणजे महिन्याला तीन लाख पेन्सिली. एकही सुट्टी न घेता रोज दहा हजार. हा माल वन रूम किचनमध्ये ठेवायचा कुठे? दिवाणाखाली उन्हाळी वाळवणं आहेत, माळ्यावर गणपतीचं मखर. दहा हजार पेन्सिली मोजून होईपर्यंत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कोण मोजणार? आणि घरात दुसरीतलं पोर असेल तर रोज पाच-पन्नास पेन्सिली शाळेत वाटल्या जातील, ते वेगळंच. हिशोब पाच मिनिटांचा आहे. पण जाहिरात वाचताना कुणी गुणाकार करत नाही. पंधरा हजार ॲडव्हान्समध्ये क्लासची फी आणि गॅसची बाकी कशी बसते, तेवढी बेरीज होते.

आधी आयडी कार्डाचे पाच-सहाशे रुपये जातात. कार्ड मात्र लगेच येतं, व्हॉट्सॲपवर, वहिनींच्या फोटोसकट. लग्नानंतर पहिल्यांदाच कुठल्या कार्डावर त्यांच्या नावापुढे ‘हाउसवाइफ’ सोडून काहीतरी लिहिलेलं असतं. मग टेम्पो निघतो. टेम्पोचा फोटो येतो, ड्रायव्हरचा फोटो येतो. मग टेम्पो नाक्यावर अडतो, कुरिअर चार्ज. सुटतो, पण डिलिव्हरी बॉयला ॲग्रीमेंटची पावती दाखवावी लागते, ॲग्रीमेंट चार्ज. वहिनी गॅलरीत उभ्या. टेम्पो कायम पुढच्या चौकात. इतक्या जवळ आलेला टेम्पो परत पाठवायचा?

डेटा एंट्रीचा प्रकार याच्याही पुढचा, कारण तिथे काम खरोखर करवून घेतात. स्टॅम्प पेपरवर सही, ठरावीक दिवसांत हजारभर फॉर्म टाइप करायचे, नव्वद टक्के अचूक. माणूस रात्र-रात्र बसून टाइप करतो. मग ‘क्वालिटी चेक’मध्ये नापास होतो. सगळेच होतात. आणि इथे मॅडमचा सूर पहिल्यांदा बदलतो. पाठोपाठ ‘वकील साहेबां’चा फोन. करारभंग, कोर्ट, पोलीस, नाहीतर आजच्या आज अमुक हजार भरून मिटवा. आपल्याकडे कोर्टात तारीख पडायला किती वेळ लागतो हे पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेला मराठी माणूस, सकाळी नोटीस आणि दुपारी अटक या वेगावर मात्र विश्वास ठेवतो. कोर्ट कुणाच्या खासगी यूपीआयवर दंड घेत नाही आणि पोलीस फोनवर तडजोडीची रक्कम सांगत नाहीत, एवढं लक्षात ठेवून तो नंबर ब्लॉक केला तरी भागतं.

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’चं गणित उलटं आहे. तिथे सुरुवातीला पैसे खरंच येतात. तीन व्हिडिओ लाइक करा, नाहीतर कधी पाहिलंही नाही अशा हॉटेलला पाच तारे द्या, आणि दीडशे रुपये खात्यात जमा. खरे दीडशे, बायकोला दाखवण्याजोगे. ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असतात, आणि त्याने तक्रार केली की तपासात तुमचंही खातं गोठू शकतं, हे तेव्हा माहीत नसतं. मग ‘प्रीपेड टास्क’. हजार भरा, तेराशे मिळतात. पाच हजार भरा, साडेसहा हजार दिसतात. हो, आता फक्त दिसतात, त्यांच्याच वेबसाइटवरच्या डॅशबोर्डात. काढायला गेलं की टॅक्स भरा, क्रेडिट स्कोअर वाढवा, व्हीआयपी व्हा.

त्या ग्रुपमध्ये दोनेकशे माणसं असतात आणि सगळी समाधानी. ‘थँक यू सर, 18,000 मिळाले.’ ‘थँक यू मेंटॉर, आज स्कूटर घेतली.’ मी म्हणतो, इथेच माणसाने उठून उभं राहायला हवं. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शंभर माणसं आहेत. पाण्याच्या टँकरवर त्यांचं एकमत झालेलं कधी पाहिलंय? दोनशे माणसं एकाच गोष्टीवर खूश आहेत, कुणी कुणाला टोमणा मारत नाही, कुणी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकत नाही, म्हणजे ती माणसं नाहीतच. एकाच टोळीचे दोन-चार जण पाळीपाळीने खूश होत असतात. आणि त्यांची सगळ्यांत दुष्ट खेळी म्हणजे ‘ग्रुप टास्क’. तुम्ही एक बटण चुकीचं दाबलंत म्हणून बाकी चौघांचे पैसे अडकलेत, असं ते सांगतात. त्यातली एक ताई रडते. तिच्या मुलाची फी भरायची असते. माणूस स्वतःच्या पैशांसाठी एवढं कर्ज काढणार नाही, पण त्या ताईंच्या फीसाठी सोनं गहाण टाकतो. काकांना हे सांगितलं पाहिजे. हाही लोभच का?

या धंद्यातल्या कल्पनाशक्तीची कमाल बघायची तर बिहारमधल्या नवाद्याला जावं लागेल. 2023 च्या अखेरीस पोलिसांनी तिथे आठ जणांना पकडलं. त्यांची संस्था ‘ऑल इंडिया प्रेग्नंट जॉब’. मूल होत नसलेल्या स्त्रियांना गर्भवती करायचं, बक्षीस 13 लाख रुपये आणि यश न आल्यास प्रयत्नांबद्दल 5 लाख. नोंदणी फी 799, मग अनामत पाच ते वीस हजार. तक्रार करायची लाज वाटेल अशी नोकरी निवडण्यात त्यांची हुशारी होती. पोलीस ठाण्यात जाऊन ‘मी कशासाठी अर्ज केला होता’ हे कोण सांगणार? तरी बिहारचं कौतुक नको. 2025 मध्ये पुण्यातल्या एका कंत्राटदाराचे याच धर्तीच्या जाहिरातीत 11 लाखांच्या आसपास गेल्याची तक्रार नोंदली गेली.

हसलात ना? आता पुढचं ऐका. 2022 च्या उन्हाळ्यात तमिळनाडूतली 28 तरुण मुलं नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या फलाटांवर महिनाभर, रोज आठ-आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होती. त्यांना सांगितलं होतं, की हे टीटीई आणि क्लार्कच्या नोकरीचं ट्रेनिंग आहे. त्यासाठी प्रत्येकाने 2 लाखांपासून 24 लाखांपर्यंत मोजले होते, एकूण 2 कोटी 67 लाख. आपण म्हणतो, महिनाभर एकालाही शंका कशी आली नाही? पण गाड्या मोजण्याहून निरर्थक कामं पगार घेऊन करणारी किती माणसं तुम्हाला माहीत आहेत? सरकारी नोकरीत असंच काहीतरी असतं, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांना हसायची पात्रता आपल्यात कुणाची आहे?

आणि पुन्हा त्या रिया मॅडम. व्हिएतनामचा नंबर असला म्हणून त्या तिथे असतीलच असं नाही, रिया असतील असंही नाही. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 च्या सप्टेंबरातच सूचना काढली होती. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा नोकरीची आमिषं दाखवून आपल्याकडच्या संगणक शिकलेल्या मुलांना नेतात आणि सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बाजूला कुंपणाच्या आत बसवतात. पासपोर्ट काढून घेतात आणि रोज इतक्या लोकांना फसवलंच पाहिजे असं टार्गेट देतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा 549 भारतीयांना थायलंडमधून परत आणलं. म्हणजे ‘सर, जेवण झालं का?’ असं विचारणारा एखादा मुलगा स्वतः जेवलेला असेलच असं नाही. त्यालाही कधीतरी एका एचआरने पटकन रिप्लाय दिला होता.

परदेशी जाणाऱ्यांनी म्हणूनच एजंटला आधी त्याचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघावा. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं. देशातल्या नोकरीसाठी कंपनीची मूळ वेबसाइट स्वतः उघडावी, मॅडमनी पाठवलेली लिंक नव्हे, आणि तिथल्या नंबरवर फोन करून विचारावं. तिथे फोन कुणी उचलला नाही तर कंपनी खरी असण्याची शक्यता वाढते.

एवढं करूनही पैसे गेले तर 1930 हा नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पळत असतात. तक्रार लवकर पोचली तर ते वाटेत कुठेतरी अडवता येतात. पण हा सगळ्यांत मोलाचा वेळ आपल्या घरांत चौकशी आयोगाला जातो. मोबाइल कुणी घेऊन दिला इथपासून सुरुवात होते, मग आजोळच्या बाजूच्या सगळ्यांच्या बुद्धीचा आढावा, मग कॉमर्सला घालू नका असं मी तेव्हाच म्हणालो होतो. वडील फेऱ्या मारत असतात, मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. अशा वेळी घरातल्या कुणीतरी फोन लावायचा आणि आयोगाचं कामकाज मध्येच थांबवायचं.

‘अहो, तुमचं नंतर. आधी चष्मा लावा आणि बँकेच्या मेसेजमधला बारा आकडी यूटीआर नंबर वाचा. हळू वाचा, पलीकडे लिहून घेतायत.’